फोन वाजला की नेट जातं? फिल्टर घेण्याआधी एवढं वाचा

(लँडलाइन आणि ब्रॉडबँड एकाच तारेवर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

परभणीच्या आमच्या दुकानात कुणी फिल्टर, म्हणजे नेटच्या लहरी फोनपासून अडवणारी लहान डबी, मागितला की आम्ही आधी विचारतो, घरात येणारी तार कोणती आहे? तांब्याच्या दोन तारांची जुनी फोनलाइन असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. फायबर आलं असेल तर फिल्टर लागतच नाही. फोनची वायर थेट फायबर मॉडेमच्या मागे ‘फोन’ किंवा ‘टेल’ लिहिलेल्या खाचेत लावायची. अशा ग्राहकाला आम्ही फिल्टर विकत नाही, मागितला तरी. फक्त एक ध्यानात ठेवा: तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्टच्या आसपास वीज मिळते, म्हणून भारनियमनातही तो चालायचा. फायबरवरचा फोन घरची लाइट गेली की मुका होतो. त्याला इन्व्हर्टरचा नाहीतर लहान यूपीएसचा आधार द्या.

आता तांब्याची गोष्ट. आपला आवाज त्या तारेवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात जातो. इंटरनेट त्याच्या बरंच वर, 25 किलोहर्ट्झच्या पुढून सुरू होतं. एडीएसएलमध्ये (फोनच्या तांब्याच्या तारेवरचं साधं ब्रॉडबँड) ते 1100 किलोहर्ट्झपर्यंत जातं, त्याच्या पुढच्या वेगवान प्रकारात, एडीएसएल टू प्लसमध्ये, 2200 पर्यंत. तार एक असली तरी दोघांचे पट्टे वेगळे असतात, म्हणून बोलताना नेट चालू राहतं. पण टेलिफोन यंत्राला हे काही कळत नाही. त्याला वरच्या लहरी मिळाल्या की कानात सूं सूं ऐकू येते. शिवाय रिसीव्हर उचलला किंवा घंटी वाजली की यंत्र त्या लहरींवर भार टाकतं आणि मॉडेमची जोडणी तुटते. फिल्टरच्या डबीत गुंडाळी आणि कपॅसिटर असतात. खालचा आवाज फोनकडे सोडायचा आणि वरचं अडवायचं, एवढंच तिचं काम. म्हणजे फिल्टर फोनसाठी असतो, मॉडेमसाठी नाही. मॉडेम चुकून फिल्टरच्या फोनकडच्या बाजूला जोडला तर मॉडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे नेटची लाइन जुळल्याचं दाखवणारा, दिवा दिवसभर लुकलुकत बसेल, स्थिर होणार नाही.

मोंढ्यातल्या एका आडत दुकानदारांचं उदाहरण सांगतो. खाली दुकान, माडीवर घर, लाइन एकच. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर फोन, आणि दर घंटीला नेट बंद. त्यांनी दोनदा मॉडेम बदलला होता. आम्ही गेलो तेव्हा खालच्या फोनला फिल्टर होता, माडीवरच्या बैठकीतल्या फोनलाही होता. मग त्यांची नातच म्हणाली, “आजोबांच्या खोलीत पण एक फोन हाय की.” पलंगामागे पॅरलल जोडलेला तो जुना डायलचा फोन कुणाच्याच ध्यानात नव्हता. त्याला फिल्टर लावला आणि घंटी वाजली तरी नेट जाईना. तेव्हा मोजताना सगळं मोजा: पॅरलल फोन, कॉर्डलेसचा बेस, फॅक्स, नंबर दाखवणारी वेगळी डबी, छोटं इंटरकॉम एक्स्चेंज. एक जरी उघडं राहिलं तरी बाकीच्यांचे फिल्टर असून नसल्यासारखे.

एक मोठा की अनेक लहान?

दोन प्रकार मिळतात. तीन तोंडांचा स्प्लिटर: एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला फोन आणि मॉडेम. आणि एकेका फोनच्या वायरीत लावायचा लहान फिल्टर. आमचं मत विचाराल तर बाहेरची वायर घरात शिरते तिथेच एक चांगला स्प्लिटर बसवा, मॉडेमला तिथून वेगळी वायर द्या आणि घरातले सगळे फोन स्प्लिटरच्या फोनच्या तोंडामागे न्या. नवी वायर ओढणं जमत नसेल, भाड्याची खोली असेल, तर लहान फिल्टर लावा, पण तीन-चारच्या वर नकोत. स्प्लिटरच्या मागे परत फिल्टर लावू नका. त्याने फायदा नाही, उलट आवाज बारीक होतो.

बाजारात अगदी स्प्लिटरसारखी दिसणारी एक डबी मिळते. तिच्यात फिल्टर नसतो, ती नुसती एका लाइनचे दोन फाटे करते. दोन्ही तोंडांवर ‘फोन’ लिहिलेलं असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल, आणि डबी हातात रिकामी वाटत असेल, तर शंका घ्या. खऱ्या फिल्टरमध्ये गुंडाळ्या असतात, त्यामुळे थोडं वजन लागतं. तुमच्याकडची डबी आणलीत तर मीटर लावून तुमच्यासमोरच दाखवू. नुसत्या फाट्याच्या डबीत लाइन ते फोन अडथळा जवळजवळ शून्य असतो, फिल्टरमध्ये गुंडाळीमुळे काही ओहम तरी दिसतात. व्हीडीएसएल (तांब्याच्याच तारेवरचं आणखी वेगवान नेट) असेल तर डबीवर तसं लिहिलेलं पाहूनच घ्या. ते एडीएसएलपेक्षा कितीतरी वरचे पट्टे वापरतं, तिथे जुना फिल्टर कमी पडू शकतो.

फिल्टरने न जाणारी दुखणी

पैसे घालवण्याआधी घरीच करून बघा. सगळे फोन काढा, मॉडेम थेट लाइनला लावा आणि तासभर वापरा. तरीही नेट तुटत असेल तर दोष फिल्टरचा नाही. आता मॉडेम काढून एकच फोन लावा. तरी खरखर येत असेल तर बहुतेक लाइनमध्ये कुठेतरी सांधा गंजलाय, एक्स्चेंजला तक्रार नोंदवा. जुनी, न वापरातली एक्स्टेन्शनची वायर माडीवर किंवा गच्चीवर लोंबत असेल तर ती रोझेटपासून (भिंतीवरच्या फोनच्या डबीपासून) सोडवा. टोकाला काही जोडलेलं नसलं तरी ती वेग खाते.

फिल्टर म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. वळवाचा पाऊस येण्याची चिन्हं दिसली, आभाळ भरून यायला लागलं, की मॉडेमचा अडॅप्टर आणि फोनलाइनची पिन दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण तारेतून येणारा झटका बटणाला विचारत नाही. गडगडाट किंवा कडकडाट सुरू झाला असेल तर मात्र वायरीला हातच लावू नका.

दुकानात येताना मॉडेमच्या मागच्या बाजूचा आणि रोझेटचा असे दोन फोटो मोबाइलमध्ये आणा. घरात किती फोन आहेत ते मोजून या, पलंगामागचाही.