मारायलंय हेच, लागायलंय बी ह्यालाच

मे महिन्यात लातूरला भावाकडे गेलो होतो. दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कूलरपुढे चटई टाकून मी आडवा झालेलो आणि शेजारी पुतण्या पोकेमॉन खेळत बसलेला. एकदम म्हणाला, "काका, हे बघा की. मारायलंय हेच, अन् लागायलंय बी ह्यालाच. कामून?"

स्क्रीनवर स्टारॅप्टर नावाचा पक्षी होता. त्याने समोरच्याला धडक दिली, समोरच्याची एचपीची, म्हणजे अंगात जीव किती उरला ते दाखवणारी, पट्टी निम्म्याखाली आली आणि पाठोपाठ स्टारॅप्टरची स्वतःचीही थोडी उतरली. मी झोपेतच उत्तर दिलं, "न्यूटनचा तिसरा नियम. क्रिया तशी प्रतिक्रिया. नववीत येईल तुला."

"मग दोघांना सारखंच लागाया पाहिजे ना? ह्याला कमी कामून?"

माझी झोप तिथेच गेली.

या माऱ्याचं नाव ब्रेव्ह बर्ड. २००६ साली पोकेमॉन गेमच्या चौथ्या पिढीत तो आला. ताकद १२०, म्हणजे उडणाऱ्या गटातल्या सर्वांत जबर माऱ्यांपैकी एक. हिशेब सरळ आहे: समोरच्याचं जेवढं नुकसान, त्याच्या एक तृतीयांश स्वतःचं. १५० एचपी काढले की आपले ५० गेले. खेळणारी मुलं याला रिकॉइल म्हणतात, बंदुकीच्या दस्त्याचा खांद्याला बसतो तसा उलटा धक्का.

आता न्यूटन. दोन वस्तू आपटल्या की दोघींवर बसणारं बल सारखं असतं, यात तडजोड नाही. पण बल सारखं म्हणजे इजा सारखी नव्हे. त्याच बलाने हलकी वस्तू जास्त हबकते, जड वस्तू कमी. वेगात किती झटकन बदल झाला, यावर हाडं मोडायची की नाही हे बरंचसं ठरतं आणि तो बदल वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो.

याचा नमुना त्याच घरात होता. पुढच्या खोलीच्या काचेवर आदल्या दिवशी एक होला येऊन आदळला होता. काचेत बाहेरचा कडुलिंब दिसतो, पाखराला वाटतं झाडच आहे. होला गेला, पण काचेवर त्याचा ठसा राहिला होता: पसरलेले दोन्ही पंख, छातीचा गोल, अगदी पिसांच्या रेघाही, सगळं पांढुरक्या भुकटीत. होले-कबुतरांच्या अंगावर काही पिसांची सतत भुकटी होत असते, ती पंखांना चोपडलेली असते, त्याची ही छपाई. शंभरेक ग्रॅमचं पाखरू ताशी ३६ किलोमीटरने येऊन दोन सेंटिमीटरच्या आत थांबलं, तर त्याच्या देहाला गुरुत्वाच्या सुमारे अडीचशे पट झटका बसतो. बल काचेवरही तेवढंच बसलं. पण काच भिंतीत, भिंत जमिनीत. तिचं काय हलणार? तिसरा नियम पाळला गेला आणि होला मेला.

म्हणजे गेममधला एक तृतीयांश कधी खरा ठरेल? मारणारा मार खाणाऱ्याच्या तिप्पट जड असेल तेव्हा, ढोबळमानाने. गेममध्ये स्टारॅप्टरचं वजन २४.९ किलो दिलं आहे. त्याने ४६० किलोच्या स्नॉरलॅक्स नावाच्या दुसऱ्या पोकेमॉनला धडक दिली, तर स्नॉरलॅक्सच्या वेगात जेवढा फरक पडेल त्याच्या साडेअठरा पट फरक स्टारॅप्टरच्या वेगात पडायला हवा. हे मी कागदावर करून दाखवलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "मग तर हे मरंलच." मरंलच.

मजा अशी की खऱ्या जगात हे तिपटीचं प्रमाण सापडतं. बहिरी ससाण्याची मादी किलोभराची, तिचं आवडतं कबूतर तीनशे ग्रॅमचं. आणि बहिरी ससाणा म्हणजे जगातला सर्वांत वेगवान प्राणी. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर बदकांचा अख्खा थवा विनाकारण उठला की मी आधी वर बघतो. बऱ्याचदा घार निघते, एकदाच तो निघाला.

मग हा पक्षी ब्रेव्ह बर्ड करतो का? ताशी ३२४ किलोमीटरने येणाऱ्या किलोभराच्या देहात सुमारे चार हजार ज्यूल ऊर्जा असते, ताशी १४० ने टाकलेल्या तीसेक क्रिकेटच्या चेंडूंएवढी. तो छाती पुढे करून कबुतरावर आदळला, तर कबुतराचा चेंदामेंदा होईल हे खरं, पण त्याचा स्वतःचाही वेग क्षणार्धात ताशी ७५ किलोमीटरने घटेल. मोटारसायकल ७५ ने भिंतीवर घालण्यासारखं. रोज जेवणासाठी कुणी असं करत नाही. ससाणा सावजाजवळ येताना बहुधा वेग आवरतो, तिरका येतो, पायाने तडाखा देतो किंवा नख्यांत धरतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या दातासारख्या टोकाने मान मोडतो.

मग एवढा वेग हवा कशाला? या प्रश्नाच्या मी प्रेमात आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

मांजरसुंब्याचा घाट मोटारसायकलवर उतरलेला माणूस सांगेल की वळणावर वेग कमी करायचा असतो. कारण टायरची रस्त्यावरची पकड ठरलेली आहे, वेग वाढवला म्हणून ती वाढत नाही. वळायला लागणारं बल मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तर बल चौपट हवं. पकड संपली की गाडी कठड्यावर.

पक्ष्याची पकड हवेवर असते, आणि हवेवरची पकड स्वतःच वेगाच्या वर्गाने वाढते. पंखावरून हवा दुप्पट वेगाने गेली की पंखाला चौपट बल मिळू शकतं. म्हणजे गरज चौपट झाली तशी पकडही चौपट झाली. वळणाची त्रिज्या तेवढीच राहिली, पण ते वळण आता निम्म्या वेळात घेतलं गेलं. पुन्हा वाचा, मलाही पहिल्यांदा दोनदा वाचावं लागलं होतं. घाटात जो वेग वैरी, तोच आकाशात वळायला मदत करतो. अर्थात हाडांची आणि स्नायूंची मर्यादा येतेच, म्हणून वेग वाढेल तसा ससाणा पंख आखडत जातो, पण पूर्ण मिटत नाही. शेवटच्या क्षणी सावजाने हुलकावणी दिली, तर वळायला काहीतरी हाताशी हवं.

२०१८ साली ग्रोनिंगन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ही गोष्ट संगणकात उडवून पाहिली. एका बाजूला आभासी ससाणा, दुसऱ्या बाजूला स्टार्लिंग, म्हणजे आपल्याकडे ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांची युरोपातली चुलतबहीण. सावज नागमोडी पळू लागलं तेव्हा उंचावरून भरवेगात मारलेला सूर सर्वांत यशस्वी ठरला. वेगाचा उपयोग ठोशापेक्षा सुकाणूला जास्त. आणि गंमत बघा, स्टारॅप्टर ज्या पिल्लातून मोठा होतो त्या स्टारलीचं नाव स्टार्लिंगवरूनच आलेलं. संगणकातलं सावज गेममध्ये शिकारी होऊन बसलं आहे.

गेममधल्या वर्णनात ब्रेव्ह बर्ड पंख मिटून, कमी उंचीवरून मारतात असं लिहिलं आहे. हे तर दोन्हीकडून चुकलं. दहा मीटरवरून नुसतं पडलं तर ताशी ५० किलोमीटरच मिळतात, साधं कबूतर सपाट उडताना त्याहून जोरात जातं. आणि पंख मिटले म्हणजे सुकाणू गेलं. त्या मानाने गेमच्या सहाव्या पिढीतला टॅलनफ्लेम हा पक्षी बरा. एका वर्णनात तो ताशी सुमारे ५०० किलोमीटरने येऊन लाथेने काम तमाम करतो. वेग फुगवलेला, पण लाथ बरोबर.

स्वतःला जखमी करून घेण्यात आपल्या लोकांना शौर्य का दिसतं, कळत नाही. गरुड चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून तोडतो, नखं उपटतो आणि मग नवा होऊन सत्तरीपर्यंत जगतो, हा मेसेज मला दर गुढीपाडव्याला किमान तिघांकडून येतो. त्यात एकजण विज्ञान विषयात पदवीधर आहे. चोच तोडलेला गरुड नवी फुटायच्या आधी उपाशी मरेल. चोच आणि नखं आयुष्यभर वाढतच असतात, वापराने झिजत असतात. उपटायची गरज कुणालाच पडत नाही.

उडत येऊन स्वतःची पूर्ण किंमत मोजणारा एक जीव मात्र खरोखर आहे. अजिंठ्याच्या कड्याला, गावातल्या पाण्याच्या टाकीखाली लटकलेल्या आग्या मोहोळातली कामकरी माशी. तिच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या लवचिक कातडीत ते अडकतात, माशी उडाली की नांगी विषाच्या पिशवीसकट पोटातून तुटून मागे राहते आणि माशी मरते. तुटलेल्या भागात स्नायू आणि मज्जातंतूंची गाठ असते, त्यामुळे तो भाग माशीशिवायही विष ढकलत राहतो. म्हणून नांगी रुतली की चिमटा शोधत बसू नये, नखाने लगेच खरवडून काढावी. त्या जागेतून केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणं असतं.

तिला हे परवडतं, कारण कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही. तिचा वंश राणीच्या पोटातून पुढे जातो. पोळं वाचलं, म्हणजे तिच्या बहिणी आणि पुढची राणी वाचली. ससाण्याला असं पोळं नाही, त्याला उद्या पुन्हा शिकार करायची असते.

पुतण्याने हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गेममधी मधमाशी हाय की. तिची नांगी तुटती का?" तोवर लाईट गेली, कूलर बंद पडला आणि आम्ही दोघं गच्चीत जाऊन बसलो. खाली वहिनी काचेवर कुंचल्याने चुन्याचे उभे पट्टे ओढत होत्या, होल्याच्या ठशावरूनच.