आयव्हीएफची मुलं मोठी झाली, तेव्हा काय दिसलं?

आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणतात आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. २०१२ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी अशा उपचाराने जन्मलेल्या ६५ धडधाकट मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. दंडातली रोहिणी रक्ताचा प्रवाह वाढला की फुलते. या मुलांमध्ये ती बरोबरीच्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी फुलत होती. त्याच आईवडिलांना नैसर्गिकरीत्या झालेल्या भावंडांमध्ये मात्र हा दोष नव्हता. पाच वर्षांनी मुलांना पुन्हा बोलावलं. तेव्हा ५२ पैकी ८ जणांचा रक्तदाब उच्च रक्तदाबाच्या व्याख्येत बसला. तुलनेच्या गटातल्या ४३ जणांपैकी फक्त एकाचा.

बातम्या व्हायच्या तशा झाल्या. मग २०२३ मध्ये युरोप, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातले १४ अभ्यास एकत्र करून जवळजवळ ३६,००० मुलामुलींची माहिती तपासली गेली. त्यातले ६५४ आयव्हीएफ किंवा तत्सम उपचारांनी जन्मलेले होते. रक्तदाब, साखर, नाडी यांपैकी कशातच काळजी करावी असा फरक दिसला नाही. त्याआधी मेलबर्नमध्ये अशाच उपचारांनी जन्मलेल्या २२ ते ३५ वयाच्या १९३ जणांची तपासणी झाली होती. त्यांच्याही रक्तवाहिन्या ठीक होत्या. ५२ मुलांवरून निष्कर्ष काढू नये हे खरं, आणि मी मोठ्या अभ्यासाच्या बाजूने झुकतो. तरी बर्नची ती भावंडांची तुलना मला सहज बाजूला सारता येत नाही.

कारण या विषयातली खरी अडचण तीच आहे. आयव्हीएफच्या मुलात काही वेगळं आढळलं, तर ते कशामुळे? उपचारामुळे, की मुळात ज्या कारणाने आईवडिलांना मूल होत नव्हतं त्या कारणामुळे? दक्षिण ऑस्ट्रेलियात तीन लाखांहून जास्त जन्मांची नोंद तपासली, तेव्हा उपचारांनी झालेल्या मुलांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण ८.३ टक्के निघालं, बाकीच्यांत ५.८. पण आईचं वय, तिचे आजार वगैरे हिशोबात धरल्यावर साध्या आयव्हीएफपुरता फरक जवळजवळ मिटला. शिवाय वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, पण उपचाराविना गरोदर राहिलेल्या बायकांच्या मुलांतही धोका थोडा वाढलेलाच होता. नॉर्वेत तर एक मूल उपचाराने आणि एक आपोआप झालेल्या अडीच हजार बायका शोधल्या. भावंडांची आपसात तुलना केली तेव्हा जन्मवजनात नाव घेण्यासारखा फरक उरला नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र कसल्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतो: जुळं. एकापेक्षा जास्त भ्रूण गर्भाशयात सोडले की जुळ्या-तिळ्यांची शक्यता वाढते, आणि निम्म्याहून जास्त जुळी दिवस भरण्याआधीच जन्मतात. काचेच्या पेटीतले आठवडे, अपुरी वाढलेली फुप्फुसं, कधी मेंदूला इजा. स्वीडनमधल्या २५ लाख मुलांच्या अभ्यासात आयव्हीएफचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. बौद्धिक अपंगत्वाचं प्रमाण किंचित जास्त होतं, पण फक्त एकेकटी जन्मलेली मुलं पाहिली तेव्हा तेही नाहीसं झालं. त्याच स्वीडनने २००३ मध्ये एका वेळी एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला आणि आयव्हीएफमधल्या जुळ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आणलं. आपल्याकडे 'एवढा खर्च करतोच आहोत, तर एकदाच दोन होऊन जाऊ देत' असं जोडपीच सुचवतात. ते समजण्यासारखं आहे. पण बाळाच्या तब्येतीच्या दृष्टीने यापेक्षा महागडी काटकसर नाही.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. भ्रूणाचे पहिले तीन ते पाच दिवस डिशमध्ये जातात, आणि नेमके हेच दिवस नाजूक असतात. काही जनुकांच्या बाबतीत आईकडून आलेली प्रत चालू आणि वडिलांकडची बंद असते, किंवा उलट. हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा डीएनएवर असतात. सुरुवातीच्या दिवसांत डीएनएवरच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात. चालू-बंद ठरवणाऱ्या या खुणा मात्र टिकाव्या लागतात. त्यात चूक झाली तर बेकविथ-वीडमन सिंड्रोमसारखे विकार होतात: मोठी जीभ, अवाजवी वाढ, मूत्रपिंडात गाठ होण्याचा धोका. एरवी दहा-बारा हजार जन्मांत एखाद्या बाळाला तो होतो. आयव्हीएफने ही शक्यता काही पटींनी वाढते, तरी हजारात एखाद्याच्या पुढे जात नाही.

डिशमधलं पोषक द्रावण कोणतं, यानेही फरक पडतो. नेदरलँड्समध्ये ८३६ जोडप्यांवर रीतसर चाचणी झाली; कोणाला कोणतं द्रावण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. दोन द्रावणांतल्या बाळांच्या सरासरी जन्मवजनात १५८ ग्रॅमचा फरक आला. इथे वंध्यत्वाकडे बोट दाखवता येत नाही, कारण दोन्हीकडची जोडपी तशीच होती. १५८ ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. वजनाने बारीक दिसणाऱ्या आपल्या नवजात बाळांत चरबी मात्र टिकून असते, आणि गर्भातल्या पोषणाचा पुढच्या मधुमेहाशी संबंध असतो, हे त्यांनी दाखवलं. युरोपातल्या साडेतीन किलोच्या बाळांचे निष्कर्ष पावणेतीन किलोच्या बाळांना तसेच्या तसे लावणं म्हणूनच मला पटत नाही.

दिलासा एवढा, की मेलबर्नच्या गटात जन्मावेळी दिसलेले डीएनएवरच्या खुणांमधले फरक प्रौढ वयात बरेचसे मावळले होते. नॉर्वेतही ही मुलं जन्मताना थोडी लहान असली तरी पुढे झपाट्याने वाढली, आणि सतराव्या वर्षी उंची-वजनात इतरांच्या बरोबरीला आली.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवायला हवं. पहिली इक्सी. यात एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात घालतात. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये ही पद्धत सुरू झाली. वडिलांच्या शुक्राणूदोषामुळे या पद्धतीने जन्मलेले ५४ तरुण तिथेच तपासले, तेव्हा त्यांच्या वीर्यात दर मिलिलिटरला शुक्राणूंची मध्यक संख्या (निम्मे तरुण तिच्या वर, निम्मे खाली) १ कोटी ७७ लाख निघाली; इतर तरुणांत ती ३ कोटी ७० लाख होती. वडिलांचा दोष मुलात उतरला, हे इथे सर्वांत सरळ स्पष्टीकरण. दुसरी गोष्ट गोठवलेले भ्रूण. चार नॉर्डिक देशांतल्या ७९ लाख मुलांत आयव्हीएफमुळे एकंदर कर्करोग वाढलेला दिसला नाही, पण गोठवलेल्या भ्रूणांतून जन्मलेल्यांत तो दरवर्षी लाखामागे ३०, तर नैसर्गिकरीत्या झालेल्यांत १७ होता. प्रत्यक्षात २२,६३० मुलांत ४८ रुग्ण. घाबरण्याइतका आकडा नाही, पण आता भ्रूण गोठवणं नित्याचं झाल्यामुळे दुर्लक्ष करण्याइतकाही नाही.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी आयव्हीएफने जन्मलेली 'टेस्ट ट्यूब बेबी' हर्षा चावडा २०१६ मध्ये स्वतः आई झाली, आणि ती बातमी कौतुकाने छापून आली. बहुतेक घरांत मात्र आयव्हीएफ केल्याचं नातेवाइकांपासूनच काय, बालरोगतज्ज्ञापासूनही लपवलं जातं. शेजाऱ्यांना सांगायची मुळीच गरज नाही. बालरोगतज्ज्ञाला सांगावं, आणि इक्सी होती का, भ्रूण ताजा होता की गोठवलेला, हे क्लिनिकच्या कागदांवरून त्याच्या फाईलमध्ये नोंदवून घ्यावं. पुढे शाळकरी वयात वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घेतला की सध्याच्या माहितीनुसार वेगळी तपासणी लागत नाही.