पिशवी पोटाबाहेरची, पिशवी पोटातली : पाउच शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा दीर्घ आजार, औषधांना जुमानेनासा झाला, की मोठे आतडे आणि गुदाशय काढून टाकावे लागतात. मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला दुमडून, शिवून त्याची पिशवी करतात आणि ती आतल्या आत गुदद्वाराला जोडतात. हाच तो पाउच. पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही आणि शौच नेहमीच्या मार्गाने होते. रुग्णाला बहुधा सांगितले जाते की आजाराचे घरच काढून टाकले, आता तुम्ही मोकळे. तरीही पुढे कोणाला दिवसातून बारा-पंधरा वेळा शौचाला जावे लागते, कोणाचे रात्री कपडे खराब होतात, कोणाला ताप येऊन ओटीपोटात कळा येतात, तर कोणाचे आतडे अडून तातडीने रुग्णालय गाठावे लागते. आपल्या खाण्यापिण्यात किंवा काळजी घेण्यात काही चुकले असेल, असे अनेकांना मनातून वाटत राहते. बहुतेक वेळा तसे काहीच नसते. यातले बरेचसे त्रास पाउचच्या रचनेतूनच येतात आणि ती रचना ज्या टप्प्यांनी घडली, त्या टप्प्यांवर त्यांच्या खुणा सापडतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी 1859मध्ये वापरले. त्यानंतर बरीच दशके शल्यचिकित्सकांच्या हातात फारसे काही नव्हते. 1902मध्ये रॉबर्ट वीर यांनी अपेंडिक्सचे तोंड पोटावर उघडून त्यातून औषधी पाण्याने आतडे धुण्याचा उपाय केला. 1913मध्ये सेंट लुइसच्या जॉन यंग ब्राउन यांनी लहान आतड्याचे तोंडच पोटावर आणून मोठ्या आतड्याला पूर्ण विश्रांती देण्याचा मार्ग सुचवला. ही इलिऑस्टॉमी. तिने जीव वाचू लागले, पण लहान आतड्यातून बाहेर पडणारा पातळ, पाचकरसांनी भरलेला मळ त्वचा अक्षरशः जाळत असे आणि तो धरून ठेवणारी भरवशाची पिशवी कोणाकडेच नव्हती. घट्ट बसणारी रबरी पिशवी आली 1940च्या दशकात. शिकागोच्या अल्फ्रेड स्ट्रॉस या सर्जनसाठी ती तयार केली कोनिग नावाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने, आणि तो स्वतः इलिऑस्टॉमी झालेला रुग्ण होता.

पिशवी आली तरी स्टोमाच, म्हणजे पोटावर उघडलेले आतड्याचे तोंडच, धड नव्हता. आतड्याचा कापलेला भाग पोटावर तसाच उघडा राहायचा, त्याच्या बाहेरच्या आवरणाला सूज यायची, तोंड आवळायचे आणि आतून लिटरच्या लिटर पाणी वाहून जायचे. 1952मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचे टोक मोज्यासारखे उलटे दुमडून त्वचेला शिवायची साधी युक्ती मांडली आणि प्रश्न जवळपास मिटला. आजही तसाच स्टोमा करतात. याच काळात क्लीव्हलँड क्लिनिकच्या रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाची देखभाल हे वेगळे काम आहे हे ओळखले. त्यांनीच शस्त्रक्रिया केलेल्या नॉर्मा गिल यांना 1958मध्ये या कामावर नेमले आणि 1961मध्ये तिथे या कामाचे प्रशिक्षण सुरू झाले. या इतिहासात रुग्णांचा वाटा किती मोठा आहे हे सर्जनांच्या नावांच्या यादीत हरवून जाते, म्हणून कोनिग आणि गिल यांची नावे मला मुद्दाम लिहावीशी वाटली.

पोटावरची पिशवीच नको, ही इच्छा मात्र कायम होती. 1947मध्ये मार्क रॅविच आणि डेव्हिड सबिस्टन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की गुदद्वाराचा स्नायू राखून लहान आतडे सरळ त्याला जोडता येते. पुढे माणसांवरही ते केले गेले. शस्त्रक्रिया जमली, पण साठवायला जागाच नसल्यामुळे मळ सतत येत राहायचा. निरोगी माणसाचे मोठे आतडे दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी शोषून घेते आणि गुदाशय मळ धरून ठेवतो. ही दोन्ही कामे एकदम गेल्यावर रुग्णाचा सगळा दिवस संडासाभोवती जाऊ लागला.

साठवण हवी, हे ओळखून 1969मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या निल्स कॉक यांनी लहान आतड्याची पिशवी पोटाच्या आतच तयार केली. तिचे तोंड पोटावर होते, पण बाहेर बॅग लावायची गरज नव्हती. दिवसातून काही वेळा नळी घालून ती रिकामी करायची. पुढे गळती थांबवण्यासाठी त्यांनी आतड्याचीच झडप बनवली आणि ही झडपच दुखणे होऊन बसली. ती घसरायची, मग नळी आत जायची नाही किंवा गळती सुरू व्हायची, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागायची. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मोठे आतडे आता शरीरातच नव्हते, तरी काही रुग्णांच्या नव्या पिशवीला कोलायटिससारखीच सूज येत होती. कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977मध्ये तिला पाउचायटिस म्हटले. आज गुदद्वाराला जोडलेल्या पाउचमध्ये जो त्रास सर्वाधिक आढळतो, त्याचे नाव असे तो पाउच अस्तित्वात येण्याआधीच पडले होते.

एका वर्षाने लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी लहान आतड्याचे तीन पदर जोडून इंग्रजी एस अक्षरासारखी पिशवी केली आणि ती गुदद्वाराला जोडली. आतली पिशवी आणि नैसर्गिक मार्ग अशी दोन स्वप्ने एकत्र आली. पण पिशवीच्या खालच्या टोकाला राहिलेल्या आतड्याच्या तुकड्यामुळे सुरुवातीच्या अनेक रुग्णांना आपणहून शौच होईना, त्यांना खालून नळी घालावी लागे. 1980मध्ये जपानच्या जोजी उत्सुनोमिया यांनी दोनच पदरांचा, जे अक्षरासारखा पाउच मांडला. पदर साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचे, शिवायला सोपे, आणि रिकामा व्हायला नळी नको. पुढे निकोल्स यांनी चार पदरांचा डब्ल्यू पाउचही केला, पण जगभर रूढ झाला तो जे-पाउचच.

1980च्या दशकात स्टेपलर, म्हणजे धातूच्या पिनांनी आतडे जोडणारे उपकरण, आला. पार्क्स गुदाशयाच्या उरलेल्या भागातले आतले अस्तर हाताने सोलून काढत. स्टेपलरने जोडणी लवकर होऊ लागली आणि गळतीही कमी झाली, पण त्यात गुदाशयाच्या अस्तराची एक-दोन सेंटिमीटरची पट्टी मागे राहते. त्या पट्टीत मूळ कोलायटिस जागा राहू शकतो आणि तिला सूज येऊन रक्त पडते. त्याला कफायटिस म्हणतात. हा निर्णय समजूनउमजून घेतलेला होता आणि माझ्या मते बरोबरही होता. रुग्णाला मात्र हे आधी सांगितलेले असावे. आजार पूर्ण निघाला असे सांगून पाठवलेल्या माणसाला पाच वर्षांनी रक्त दिसले, तर त्याच्या मनात काय काय येत असेल! बहुतेक वेळा गुदमार्गे द्यायच्या मेसालामिन या सूज कमी करणाऱ्या औषधाने कफायटिस आटोक्यात येतो, म्हणून तो पाउचायटिसपासून वेगळा ओळखणे महत्त्वाचे असते. दोघांची लक्षणे सारखी असू शकतात, त्यामुळे दुर्बीण घालून पाहावेच लागते.

पाउचायटिसचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पाउचमध्ये मळ साठून राहतो, जिवाणूंची वस्ती बदलते, लहान आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजतात आणि ते अस्तर हळूहळू मोठ्या आतड्यासारखे दिसू लागते. पण एवढेच कारण असते तर प्रत्येक पाउचला सूज आली असती. वंशपरंपरागत पॉलिपोसिस या, मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या गाठी) उगवणाऱ्या आजारातही असाच पाउच करतात आणि त्या रुग्णांत पाउचायटिस क्वचितच होतो. कोलायटिसच्या रुग्णांत मात्र जवळपास निम्म्यांना तो आयुष्यात एकदा तरी होतो, आणि पित्तनलिकांना सूज येऊन त्या आवळणारा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा आजार सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या बिघाडाने मूळ आजार झाला, तो आतड्याबरोबर बाहेर गेलेला नसतो. शस्त्रक्रियेने आजाराची जागा काढली, प्रवृत्ती राहिली. अनेक रुग्णांचा गैरसमज आणि निराशा नेमकी इथूनच सुरू होते, म्हणून हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट बोलले जावे असे मला फार वाटते.

पाउचायटिसवर पहिला उपाय अँटिबायोटिकचा. मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन आठवड्यांनी बहुतेकांना आराम पडतो. काहींना औषध थांबवले की पुन्हा त्रास होतो, आणि मेट्रोनिडाझोल महिनोन् महिने घेतले तर हातापायांना मुंग्या येतात. 2000मध्ये बोलोन्याच्या गियोन्केत्ती आणि सहकाऱ्यांनी 40 रुग्णांवर प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या औषधाची, चाचणी केली. नऊ महिन्यांत प्रोबायोटिक घेणाऱ्या 20 पैकी तिघांना त्रास उलटला, आणि औषध नसलेली नुसती पुडी घेणाऱ्या सगळ्या 20 जणांना. पुढे नेहमीच्या वापरात इतके उजळ निकाल टिकले नाहीत. चिवट पाउचायटिससाठी वेडोलिझुमॅब या औषधाला युरोपात 2022मध्ये मान्यता मिळाली. 102 रुग्णांच्या चाचणीत 14 आठवड्यांनी ते घेणाऱ्या 31 टक्के रुग्णांचा आजार शमला होता, बनावट औषध घेणाऱ्यांत 10 टक्क्यांचा. पहिल्या वर्णनापासून हे व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. त्रास जीवघेणा नसला की त्यावरच्या उपायाला घाई नाही असे समजले जाते, आणि पाउचवाल्यांनी ते फार काळ सोसले.

बाकीच्या गुंतागुंतींची मुळे अधिक सरळ आहेत. पोट उघडून मोठी शस्त्रक्रिया केली की आतड्यांचे पदर एकमेकांना चिकटतात आणि कधीही आतडे अडू शकते. जोडणीतून गळती झाली तर ओटीपोटात पू साचतो. हे टाळण्यासाठी, किंवा झालेच तर त्याचा फटका कमी बसावा म्हणून, शस्त्रक्रिया दोन किंवा तीन टप्प्यांत करतात आणि मध्ये काही महिने तात्पुरता स्टोमा ठेवतात. जोडणी पुढे आवळू शकते, ती रुंद करून घ्यावी लागते. लहान आतड्याचा शेवटचा भाग हीच ब 12 जीवनसत्त्व शोषण्याची जागा असते आणि पाउच त्याच भागाचा करतात, म्हणून या जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. लोहही तपासत राहावे लागते. पाणी आणि क्षार कमी पडल्याने मुतखडे होतात. स्त्रियांना गर्भ राहण्यात अडचण येण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो असे 2006च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. बीजनलिकांभोवती पदर चिकटणे हे त्याचे मुख्य कारण मानतात, आणि दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेत हा परिणाम कमी दिसतो. तरुण मुलींना शस्त्रक्रियेच्या आधीच हे कळायला हवे. काही थोड्या जणांत पुढे क्रोन्ससारखा (आतड्याला सूज आणणारा दुसरा दीर्घ आजार) आजार दिसतो, पाउचपासून त्वचेपर्यंत किंवा योनीपर्यंत फिस्टुला, म्हणजे नको असलेला मार्ग, तयार होतो, आणि ते बरे करणे सर्वांत अवघड असते.

पॉलिपोसिसच्या रुग्णांचे दुखणे थोडे निराळे. शस्त्रक्रिया होते तेव्हा त्यांतले बहुतेक तरुण आणि तब्येतीने ठणठणीत असतात. कर्करोग टाळण्यासाठी आतडे काढतात, त्यामुळे नंतरचा प्रत्येक त्रास त्यांना आधीच्या चांगल्या दिवसांशी ताडून पाहावा लागतो. कोलायटिसच्या रुग्णाला दिवसातून सहा वेळा शौच म्हणजे सुटका वाटू शकते, यांना ती हानी वाटते. पाउचमध्ये पुन्हा पॉलिप उगवू शकतात आणि पोटात डेस्मॉइड नावाच्या घट्ट गाठी होऊ शकतात, म्हणून तपासणी जन्मभर चालते.

पाउच यशस्वी झाला हे कशावरून ठरवायचे? क्लीव्हलँडने 1995मध्ये 1,005 आणि 2013मध्ये 3,707 रुग्णांचे निकाल मांडले. अशा मोठ्या नोंदींत पाउच जागेवर आहे का, हा ठळक निकष असतो, आणि त्यावर निकाल चांगलेच आहेत. दहा वर्षांत साधारण 5 ते 10 टक्के पाउच काढावे लागतात किंवा बंद ठेवावे लागतात. पण जागेवर असलेला पाउच सुखाचा असतोच असे नाही. रोज पॅड लावून बाहेर पडणारा, रात्री दोनदा उठणारा माणूस या हिशेबात यशस्वी गणला जातो. पुढे जीवनमानाच्या प्रश्नावल्या आल्या, तेव्हा हे चित्र थोडे खरे होऊ लागले. पाउच काढून कायमची इलिऑस्टॉमी घेण्याला अपयश म्हणण्याची सवयही बदलायला हवी, कारण वर्षानुवर्षे झगडलेल्या अनेकांचे जगणे त्या निर्णयाने सोपे झाले आहे. काहींना कॉक पाउचचा मार्गही उरतो, पण तो करणारी केंद्रे आता थोडी आहेत.

1980च्या दशकात विशी-तिशीत पाउच झालेली माणसे आता साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. वयाबरोबर गुदद्वाराचे स्नायू सैल होतात आणि गळती वाढते. दुसरीकडे नव्या औषधांमुळे मोठे आतडे काढण्याची वेळ कमी जणांवर येऊ लागली आहे, त्यामुळे पाउचचा मोठा अनुभव असलेले सर्जन मोजक्या केंद्रांत एकवटत आहेत. जुना पाउच असलेल्या माणसाला नवी तक्रार सुरू झाली, तर जवळच्या डॉक्टरांनी असा पाउच पूर्वी पाहिलेलाही नसू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचे कागद फार कामाला येतात. पाउच कोणत्या आकाराचा आहे, जोडणी हाताने केली की स्टेपलरने आणि मागे किती अस्तर ठेवले, हे त्यात लिहिलेले असते, आणि निदान तिथूनच सुरू करावे लागते.