पाठीतलं पाणी आणि मेंदू: औषधाच्या दोन वेगळ्या वेशी

मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या मावशीच्या मुलाला मेंदूच्या आवरणाचा टीबी निघाला. पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर मावशी हादरली. "ते पाणी काढलं तर मेंदू सुकंल की रे!" सुकत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणारं हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास नव्यानं तयार होतं. तपासणीला त्यातलं थोडंसंच लागतं.

मग तिनं विचारलं, "औषध पाण्यात उतरलं म्हणजे मेंदूत उतरलं न्हवं?" हा घोटाळा शिकलेल्या माणसांचाही होतो.

रक्तातून मेंदूत शिरायची वेस म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून फट राहत नाही. दारूसारखे छोटे, तेलात मिसळणारे रेणू सहज पार होतात. बाकीच्यांना भिंतीपलीकडे नेणारा वाहक रेणू लागतो. कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं, पण ते थेट देऊन उपयोग नाही, ते आत शिरत नाही. लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन होतं, ते मात्र अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून जातं. निपाणीचे आमचे काका ही गोळी दुधाबरोबर घ्यायचे. दुधातल्या प्रथिनांची अमिनो आम्लंही त्याच वाहकासाठी रांगेत, मग गोळी मागे पडायची. जेवणाआधी घ्यायला लागल्यावर हात कमी थरथरू लागला.

रक्तातून पाण्यात शिरायची वेस वेगळी. मेंदूच्या पोकळ्यांत झालरीसारखे पुंजके असतात, बरंचसं पाणी तिथेच तयार होतं. त्यांच्या केशवाहिन्यांना बारीक छिद्रं असतात. राखण करतो तो वरचा पेशींचा थर. पेनिसिलिन पाण्यात शिरलं तरी हा थर ते ओढून पुन्हा रक्तात टाकतो.

पाण्यापासून मेंदूत जायला तशी घट्ट भिंत नाही. १९१३ साली एडविन गोल्डमन यांनी निळा रंग या पाण्यात सोडला तेव्हा मेंदू रंगला. रक्तात सोडला तर मेंदू कोराच राहायचा. तरीही पाण्यातलं औषध मुरत मुरत फार खोल जात नाही. रक्ताच्या कर्करोगात मणक्यातून या पाण्यात दिलेलं मेथोट्रेक्सेट हे औषध आवरणापाशी चांगलं काम करतं, मेंदूच्या आत जेमतेम काही मिलिमीटर पोचतं. म्हणून पाण्याच्या रिपोर्टवरून मेंदूच्या गाभ्यात किती औषध आहे, ते ठरवता येत नाही.

मावशीच्या मुलाच्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड पाण्यात छान उतरतात, रिफाम्पिसिन कमी. आवरणाला सूज असते तेव्हा वेशी सैल पडतात आणि एरवी अडणारी औषधंही आत येतात. सूज ओसरली की वेशी पुन्हा आवळतात. म्हणूनच ताप उतरल्यावर, पोरगं हसायला लागल्यावर, आपल्या मनानं एकही गोळी कमी करायची नाही, हे मी मावशीला तीनदा सांगितलं.