हेवीवेट दोन, नाव एकच

गेल्या महिन्यात परळच्या एका हॉलमध्ये ज्युनियर मुलांच्या लढती होत्या आणि मी टाइमकीपरच्या टेबलावर होतो. जेवणाच्या सुट्टीत एका मुलाचे वडील जवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, तुम्ही समोर बसून पाहिलेला सगळ्यात भारी हेवीवेट कोण?"

"दादा, आधी सांगा, कुठला हेवीवेट? आपल्या इथला की टीव्हीवर बेल्टसाठी लढतो तो?"

"म्हणजे? हेवीवेट तो हेवीवेट ना?"

बॉक्सिंगवर जीव टाकणारे लोकही हेच धरून चालतात, म्हणून जरा बैजवार सांगतो.

हौशी बॉक्सिंगमध्ये, म्हणजे ऑलिंपिकपासून जिल्हा स्पर्धेपर्यंत, हेवीवेट हा सगळ्यात वजनदार गट नाही. त्याला वरची मर्यादा आहे. कित्येक वर्षं ती ९१ किलो होती, पॅरिसला २०२४ मध्ये ९२ होती. त्याच्या वर असतो सुपर हेवीवेट, आणि तिथे मात्र मर्यादा नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सुपर हेवीवेट नावाचा गटच नाही. २०० पौंडांपर्यंत क्रूझरवेट आणि त्यापुढचे सगळे हेवीवेट, मग कोणी ९५ किलोचा असो की १२० चा. बेल्ट देणाऱ्या एक-दोन संघटनांनी अलीकडे मध्ये ब्रिजरवेट नावाचा गट घातला आहे, पण सगळ्यांनी तो घेतलेला नाही.

आता २०० पौंड म्हणजे ९०.७ किलो. ९१ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. चाळीत पहिल्या मजल्याचं छत हीच दुसऱ्या मजल्याची जमीन असते, तसं आहे हे. ऑलिंपिकचा हेवीवेट जिथे संपतो, जवळपास तिथेच व्यावसायिक हेवीवेट सुरू होतो. नाव एकच, पण माणसं खालच्या-वरच्या मजल्यावरची.

युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकची कारकीर्द पाहिली की हे पक्कं डोक्यात बसतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेवीवेटचं सुवर्ण उसिकचं आणि सुपर हेवीवेटचं अँथनी जोशुआचं. गट वेगळे, त्यामुळे तिथे दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. व्यावसायिक झाल्यावर जोशुआ थेट हेवीवेट झाला. उसिक, ज्याच्या गळ्यात हेवीवेटचं ऑलिंपिक सुवर्ण होतं, तो क्रूझरवेट झाला! २०१८ पर्यंत त्याने त्या गटाचे चारही बेल्ट, म्हणजे चार मोठ्या संघटनांची जगज्जेतेपदं, घेतले, मग अंगावर वजन चढवून वरच्या मजल्यावर गेला. २०२१ मध्ये लंडनमध्येच त्याने जोशुआला हरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं, आणि मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरीला हरवून हेवीवेटचेही चारही बेल्ट मिळवले. आजच्या काळातला माझा सर्वात आवडता बॉक्सर तोच. आपल्यापेक्षा दहा-वीस किलोंनी जड माणसासमोर पायांच्या जोरावर बारा राउंड उभं राहणं काय असतं, ते ज्याने एकदा तरी हातमोजे चढवलेत त्याला कळेल.

जुन्या काळात हा घोळ नव्हता. १९५२ ते १९८० या काळात ऑलिंपिकमध्येही ८१ किलोंच्या वरचे सगळे हेवीवेटच होते. जो फ्रेझर १९६४ ला आणि जॉर्ज फोरमन १९६८ ला त्याच गटात सुवर्ण जिंकले. मुहम्मद अलीचं १९६० चं रोमचं सुवर्ण मात्र लाइट हेवीवेटचं, ८१ किलोंच्या आतलं. १९८४ ला सुपर हेवीवेट आला आणि जुन्या नावाचा अर्थच बदलला. त्यामुळे तेओफिलो स्टीव्हन्सन आणि फेलिक्स सावोन या क्यूबाच्या दोघांची तुलना करताना सांभाळून करावी लागते. दोघांचीही हेवीवेटमध्ये तीन-तीन ऑलिंपिक सुवर्णं आहेत. पण स्टीव्हन्सन १९७२ ते १९८० या काळात मर्यादा नसलेल्या गटात लढला, तर सावोन १९९२ ते २००० या काळात ९१ किलोंच्या आत. क्यूबात व्यावसायिक खेळावर बंदी होती, म्हणून दुसऱ्या, व्यावसायिक जगात हे दोघे कुठे बसले असते ते कधी दिसलंच नाही.

हॉलमध्ये हा फरक सगळ्यात आधी वजनाच्या वेळी दिसतो. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत सकाळी सहाला मी काट्यापाशी होतो. ९१ किलोची पोरं भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, आदल्या दुपारपासून पोटात काही नाही. एकाने मनगटावरचा लाल दोरा काढून आपल्या कोचच्या हातात दिला, तेवढंच वजन कमी. आणि त्याच रांगेत त्याच्या मागे सुपर हेवीवेटचा पोरगा डबा उघडून निवांत इडली-चटणी खात होता. त्याला वरची मर्यादाच नाही. त्याला फक्त ९१ च्या वर भरायचं होतं. दोरा काढणाऱ्या पोराची नजर त्या डब्यावरून हलत नव्हती. व्यावसायिक हेवीवेटची सकाळ त्या इडलीवाल्यासारखी.

लढतही वेगळी. हौशीत तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, म्हणून घंटा झाल्याबरोबर ठोशांचा सपाटा लागतो. बेल्टची लढत बारा राउंडची, तिथे पहिले तीन राउंड समोरच्याला नुसतं जोखण्यात जातात. हौशीत या वजनाला १२ औंसांचे हातमोजे, व्यावसायिकमध्ये १० औंसांचे. म्हणजे माणूस अधिक जड आणि मुठीवरची गादी पातळ. हेडगार्ड बघून ओळखू म्हणाल, तर मोठ्या पुरुषांचं ते २०१३ पासून निघालं आहे.

आपल्याकडे वरळीला, एनएससीआयच्या डोममध्ये, ५ ऑगस्ट २०१७ ला विजेंदर सिंगने चीनच्या जुल्पिकार मैमैतियालीला दहा राउंडांत गुणांवर हरवलं. तो गट सुपर मिडलवेट, म्हणजे मर्यादा ७६ किलोंच्या जेमतेम वर. तरी 'सुपर' शब्द ऐकून त्याला हेवीवेट समजणारे मला अजून भेटतात. आणि १९८० च्या जानेवारीत दिल्लीला अली आणि आपला कौर सिंग रिंगमध्ये उतरले ती प्रदर्शनीय लढत, तिथे निकालाचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी ती पाहिली त्यांचा मला हेवा वाटतो, पण अलीला लढताना पाहिलं असं तिला म्हणता येणार नाही. दोनच वर्षांनी, १९८२ च्या एशियाडमध्ये, कौर सिंगने हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. ते ज्यांनी दिल्लीत बसून पाहिलं, त्यांनी खरा हेवीवेट पाहिला.

दादांना मी सांगितलं, बेल्टवाला हेवीवेट मी समोर बसून पाहिलेला नाही. पाहिला तो हौशीतला, तो लाल दोरा काढणारा. त्या दिवशी संध्याकाळी फायनल होती. जड गडी रिंगमध्ये फिरला की खालच्या फळ्या करकरतात, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलतं. हा पोरगा फिरताना फळी वाजत नव्हती. दुसऱ्या राउंडमध्ये समोरच्याने उजवा टाकला, याने डोकं चार बोटं बाजूला घेतलं आणि डावा हूक बरगडीखाली लावला. आवाज झाला तो उशी आपटल्यासारखा, आणि समोरचा एका गुडघ्यावर बसला. रेफरी आठ मोजेपर्यंत हा कोपऱ्यात पाठ टेकून, तोंड बंद ठेवून, नाकाने श्वास घेत उभा होता. तिसरा राउंड पूर्ण खेळून जिंकला.

"मग सर, तो दुसऱ्या जगात हेवीवेट धरला असता का?" दादांनी विचारलं.

त्या सकाळी काट्यावरचा आकडा मीच वहीत लिहिला होता. ९०.९.