सेंट पीटर चर्च, बार्टन-अपॉन-हंबर

सेंट पीटर चर्च, बार्टन-अपॉन-हंबर : उत्तर लिंकनशरमधील (इंग्लंड) मध्ययुगीन पॅरिश चर्च. बार्टन हे गाव हंबर नदीमुखाच्या दक्षिण काठावर आहे. या चर्चचा मनोरा साधारणपणे इ. स. दहाव्या शतकाच्या अखेरीचा मानला जातो. दोन कारणांनी त्याला वास्तू-इतिहासात मानाचे स्थान आहे. नॉर्मनपूर्व, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्सकडील नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वीचे अँग्लो-सॅक्सन बांधकाम ओळखण्याची कसोटी प्रथम याच मनोऱ्यावर सिद्ध झाली. आणि १९७८ ते १९८४ या काळात येथे झालेले उत्खनन हे ब्रिटनमधील पॅरिश चर्चच्या सर्वांत सखोल अभ्यासांपैकी एक ठरले.

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील प्रदेश. तेथील रहिवासी त्या चर्चला दशांश देत आणि आपले मृत त्याच्याच आवारात पुरत. वसईकडचे मराठी ख्रिस्ती यासाठी ‘धर्मग्राम’ हा शब्द वापरतात, गोव्यात ‘फिर्गज’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था साधारणतः दहाव्या ते बाराव्या शतकांत आकाराला आली. त्यामुळे या काळातील एखादे चर्च बांधले गेले तेव्हाच ते पॅरिश चर्च होते, की जहागीरदाराने स्वतःसाठी उभारलेले होते, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उरतो. बार्टनच्या चर्चशेजारीच टर्विट हॉल ही जुन्या गढीची जागा आहे. त्यावरून मूळ वास्तू जहागीरदाराची असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत) बार्टनमधील चर्च, धर्मगुरू, बाजार व तर (नदी ओलांडण्याची होडी) यांचा उल्लेख असून गाव गिल्बर्ट ऑफ गेंट या सरदाराच्या ताब्यात होते. पुढे हे चर्च बार्डनी येथील मठाकडे गेले.

मूळ वास्तू : आज मनोऱ्याला लागून पूर्वेकडे मोठे दालन दिसते, म्हणून मनोरा ही नंतरची जोड वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. मनोऱ्याचा तळमजला हेच मूळ चर्चचे मुख्य दालन होते. पूर्वेला लहानसा वेदीकक्ष होता. तो पुढे पाडला गेला आणि त्याचा पाया जमिनीखालीच मिळाला. पश्चिमेकडची छोटी खोली मात्र अजून उभी आहे. तिच्या पश्चिम भिंतीत दोन गोल झरोके आहेत आणि ती बहुधा स्नानसंस्कारासाठी असावी. मनोराच मुख्य दालन असलेली अशी चर्चे थोडी आहेत. लिंकनशरमधीलच ब्रॉटन हे त्यांतले एक, तर नॉर्थॅम्प्टनशरमधील अर्ल्स बार्टन बहुधा त्याच वर्गातले.

मनोऱ्याच्या भिंती अनगड दगडांच्या आहेत. त्यांवरून पुढे आलेल्या अरुंद दगडी पट्ट्या हे वास्तूचे खास लक्षण. खालच्या ओळीत पट्ट्यांना गोल कमानी जोडल्या आहेत, तर वरच्या ओळीत त्रिकोणी. लक्षपूर्वक पाहिले, की वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या रेषेत नाहीत असे दिसते. त्या कमानींच्या माथ्यावरून निघतात. भार पेलणारा खांब कोणी कमानीच्या शेंड्यावर उभा करणार नाही. म्हणून या पट्ट्या मुख्यतः शोभेच्या मानाव्या लागतात. जोडझरोक्यांच्या मधल्या स्तंभिका लाटण्यासारख्या मध्ये फुगीर आहेत. आतल्या बाजूस, पूर्वेकडील कमानीच्या वर एका दगडी फलकावर कोरलेले मस्तक आहे. ते ख्रिस्ताचे असावे आणि बाकी आकृती रंगवलेली असावी, असे मानतात.

पट्ट्यांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ही लाकडी चौकटीच्या इमारतींची दगडातली नक्कल आहे. दुसरे मत या शैलीचे मूळ युरोप खंडात, कॅरोलिंजियन (शार्लमेन सम्राटाच्या घराण्याच्या काळातील) वास्तूंत शोधते. जर्मनीतील लॉर्श मठाच्या प्रवेशवास्तूवर त्रिकोणी कमानींची अशी ओळ आहे. लाकडी बांधकाम कुजून गेल्यामुळे पहिल्या मताला थेट पुरावा देणे अवघड आहे. लॉर्शचे उदाहरण प्रत्यक्ष उभे असल्याने दुसऱ्या मताचे पारडे काहीसे जड आहे. अर्थात दोन्ही प्रभाव एकत्र आले असणे अशक्य नाही.

कालनिर्णय : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गोल कमानीची कोणतीही जुनी वास्तू सरसकट ‘सॅक्सन’ म्हटली जाई. विमा व्यवसायात कारकुनी करत वास्तुशास्त्राकडे वळलेले टॉमस रिकमन (१७७६–१८४१) यांनी १८१७ मध्ये इंग्लंडच्या वास्तुशैलींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी बार्टनचा दाखला दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि आजही डळमळलेला नाही. मनोऱ्याचा सर्वांत वरचा मजला सुरुवातीच्या नॉर्मन धाटणीचा आहे आणि तो खालच्या दोन मजल्यांवर नंतर चढवला आहे. म्हणून खालचे मजले नॉर्मनांच्या आधीचे असलेच पाहिजेत. शैलीविषयीचे मत बदलू शकते, पण कोणता दगड कोणावर बसला आहे हे बदलत नाही. उत्खननातील थरांचे तत्त्व (वरचा थर खालच्याहून नंतरचा) त्यांनी, ते शास्त्र रुळण्यापूर्वीच, उभ्या भिंतीला लावले. हे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे.

नेमके दशक सांगणे मात्र कठीण आहे. वरचा मजला अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. खालच्या भागासाठी बहुतेकांचा कल दहाव्या शतकाच्या अखेरीकडे आहे. केवळ एका पद्धतीवर विसंबू नये, याचा धडा एसेक्समधील ग्रीन्स्टेडच्या लाकडी चर्चने दिला आहे. वृक्षवलयांच्या आधारे १९६० च्या सुमारास ते नवव्या शतकाचे ठरवले गेले. १९९० च्या दशकातील फेरतपासणीत ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले.

उत्खनन : जवळच सेंट मेरी हे दुसरे मोठे चर्च असल्याने सेंट पीटरमधील उपासना थांबली आणि वास्तू सरकारी देखरेखीखाली आली. पुरातत्त्वज्ञ वॉरिक रॉडवेल यांच्या नेतृत्वाखालील पथकाने जमीन खणली, तशी भिंतींचीही दगडन्‌दगड नोंद केली. सुमारे २,८०० दफने मिळाली. ती दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची आहेत. चर्च बांधण्यापूर्वीच तेथे दफनभूमी होती आणि बांधकामाच्या जागेतील काही कबरी उकरून रिकाम्या केल्या होत्या, असे दिसते. जमीन पाणथळ असल्यामुळे सॅक्सन काळातील लाकडी शवपेट्या टिकल्या. काही कबरींत मृताशेजारी हेझल झाडाच्या काठ्या ठेवलेल्या होत्या. ती यात्रेकरूची काठी की पुनरुत्थानाची खूण, याबद्दल एकमत नाही.

अशा दफनभूमींतून समाजाच्या भावनाही कधी कधी दिसतात. नॉर्थॅम्प्टनशरमधील राँड्‌स येथे तान्ह्या बाळांच्या कबरी चर्चच्या भिंतीलगत, वळचणीखाली आढळल्या. छपरावरून ओघळणाऱ्या पागोळ्या पवित्र होऊन बाळांवर पडाव्यात, अशी त्यामागे श्रद्धा असावी असे काही अभ्यासक सुचवतात.

नॉर्मन काळापासून पूर्वेकडे दालन वाढत गेले. तेराव्या ते पंधराव्या शतकांत पार्श्वदालने व वरचे झरोके झाले. हा विस्तार इंग्लंडमधील इतर सधन पॅरिश चर्चांसारखाच आहे.

बार्टनच्या सांगाड्यांवरील रोगनिदानाचे काम ज्युलिएट रॉजर्स व टोनी वॉल्ड्रन यांनी केले. सांध्यांच्या विकारांच्या अभ्यासासाठी हा संग्रह महत्त्वाचा ठरला. काम झाल्यावर अस्थी गावाबाहेर न ठेवता २००७ मध्ये चर्चमध्येच परत आणण्यात आल्या. एकेकाळी ऑर्गन असलेल्या खोलीत त्या क्रमवार ठेवल्या असून संशोधकांना तेथे त्यांचा अभ्यास करता येतो.