वैमानिकाचा पगार आणि वैमानिकाची झोप

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअर या कंपनीचं विमान बफेलोच्या धावपट्टीपासून काही मैलांवर एका घरावर कोसळलं. विमानातले 49 जण आणि घरातला एक जण, अशी 50 माणसं गेली. विमानात बिघाड नव्हता. पंखांवर थोडा बर्फ धरला होता, पण विमान पडावं इतका तो नव्हता, असं चौकशीत निघालं.

घडलं ते असं. उतरायच्या तयारीत चाकं खाली सोडली, इंजिनची ताकद कमीच होती, वेग भराभर उतरत गेला आणि ते कॅप्टन आणि सहवैमानिक या दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग कॅप्टनच्या हातातला दांडा जोरजोरात थरथरू लागला. ही थरथर मुद्दाम बसवलेली असते: विमान ‘स्टॉल’च्या जवळ आलंय, असा तो इशारा. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात थोडा तिरपा धरला की वारा तो वर उचलतो. फार तिरपा केला की उचलणं संपतं, नुसता मागे ढकलतो. पंखाचंही तसंच. हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचलणारं बल कोसळतं. उपाय एकच, नाक खाली करायचं आणि वेग मिळवायचा. कॅप्टनने दांडा मागे ओढला. नाक आणखी वर गेलं. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं.

हा धडा प्रत्येक वैमानिक प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत शिकतो. मग तो ऐन वेळी का आठवला नाही? याचं उत्तर शोधताना चौकशी पगारापर्यंत पोचली.

सहवैमानिक 24 वर्षांची होती. नोकरी नेवार्कची, राहणं मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आईवडिलांकडे. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे, तुकड्यातुकड्यांत झोप काढत नेवार्कला आली होती. तिचा वार्षिक पगार सुनावणीत 16 हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला. पुढे कंपनीने तो त्याहून जास्त असल्याचं म्हटलं. जास्तीचा आकडा धरला तरी नेवार्कसारख्या ठिकाणी घर भाड्याने घेणं अवघडच. कॅप्टननेही आदली रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात तिला सर्दी झाल्याचं ऐकू येतं. घरी असताना असं वाटलं असतं तर आलेच नसते, आता आजारी असल्याचं कळवलं तर हॉटेलचा खर्च मलाच करावा लागेल, अशा अर्थाचं ती बोलते. मला या अहवालातली ही सगळ्यात महत्त्वाची नोंद वाटते. पगाराचा सुरक्षेशी संबंध नेमका कुठे जुळतो, ते इथे दिसतं.

सलग 17 तास जागा राहिलेला माणूस दारूचा थोडा अंमल असलेल्या माणसाइतकाच मंद प्रतिक्रिया देतो, हे 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसून आलंय. थकलेला मेंदू सवयीची कामं बरी करतो. अचानक काही उलटं घडलं की मात्र तो अडतो किंवा चुकीच्या प्रतिक्षिप्त क्रियेला चिकटून बसतो. शिवाय थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय याचा अंदाजच नीट येत नाही.

अमेरिकी संसदेने 2010 मध्ये कायदा केला. 2013 पासून प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांचा अनुभव सक्तीचा झाला. आधी 250 तास पुरत. मृतांच्या नातेवाइकांनी यासाठी चिकाटीने लढा दिला, त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. तरीही हे सांगायला हवं की त्या रात्रीच्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 हून जास्त तास होते. कॅप्टनकडे 3379, पण त्यांतले त्या प्रकारच्या विमानावरचे फक्त 111. निरभ्र आकाशात छोटं विमान फिरवत भरलेले तास आणि सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा स्टॉलमधून विमान सोडवण्याचा सराव, यांची किंमत एक नसते. युरोपात आणि आपल्याकडे सुमारे 200 तासांवर परवाना मिळतो, त्यानंतर विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण असतं.

चांगला पगारही कवच नाही. 2009 मध्येच 1 जूनला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं, 228 जण गेले. तिथेही वेगमापक बर्फाने गोठल्यावर वैमानिकाने नाक वर ओढलं आणि स्टॉलमध्येही बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मंगळूरला 22 मे 2010 रोजी 158 जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातले कॅप्टन दहा हजारांहून जास्त तासांचे होते. दुबईहून येताना ते बराच वेळ झोपले होते, त्यांच्या घोरण्याचा आवाज मुद्रित झालाय. जाग आल्यावर काही काळ मेंदूवर झोपेचं जडपण राहतं, आणि त्याच अवस्थेत त्यांनी उंचावरून, वेगात येणारं विमान उतरवलं. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर न्यायला सांगितलं होतं.

पगार कमी असला की आणखी एक गोष्ट हळूहळू होते: माणसं येईनाशी होतात. हडसन नदीत विमान सुखरूप उतरवणाऱ्या कॅप्टन सलनबर्गर यांनी फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकी संसदेपुढे सांगितलं की त्यांचा पगार 40 टक्क्यांनी कापला गेला आणि पेन्शनही गेली. हुशार मुलं या व्यवसायाकडे कशाला वळतील, ही त्यांची काळजी होती. अमेरिकेत 2022 मध्ये वैमानिकांचा तुटवडा जाणवल्यावरच छोट्या कंपन्यांनी पगार भरघोस वाढवले.

आपल्याकडे प्रश्न विश्रांतीचा आहे. नव्या नियमांनी वैमानिकाची साप्ताहिक सुट्टी 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, मुंबई-पुण्यातही प्रवासी अडकले, तेव्हा अनेकांचा राग या नियमांवर निघाला आणि कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. पण नियमांची कल्पना कंपन्यांना दीड वर्षाहून अधिक काळ होती. जादा वैमानिक वेळेत नेमायचे तर त्यांचे पगार द्यावे लागतात, आणि तो खर्च तिकिटात आला तर तो मला रास्त वाटतो.